घाटावरचा नेंदाक

१३ जून १९९४, सोमवार

आज जाणं झालं नाही.

सगळं होडीत चढलं होतं. माझ्या लेकीची, एल्सीची पिशवी, तांदूळ, सुके मासे, माझ्या जुन्या सारोंगची फाडून शिवलेली दुपटी. न्गुंबांग इंजिनाची दोरी धरून बसलेला. अकी – माझे सासरे – नेहमीप्रमाणे आधी उतरून होडीपाशी उभे, वर तोंड करून. मी ओंडक्याच्या शिडीच्या चौथ्या खाचेवर असेन, मागे एल्सी पोट सावरत. आणि डाव्या हाताला, रबराच्या झाडांखालच्या झुडपातून – नेंदाक पक्षी बोलला.

अगदी स्वच्छ. आधी दोन लांब शिट्ट्या, मग डोहात एकामागून एक खडे टाकावेत तसं काहीतरी, मग पुन्हा शिट्टी.

अकींनी माझ्याकडे पाहिलं. मग हात वर केला. "आज नाही."

संपलं! न्गुंबांगने दोरी सोडली. होडी त्याची, इंजिन त्याचं, पण अकींनी नाही म्हटल्यावर तो वल्ह्यालाही हात लावणार नाही. आमच्या सबंध लांबघराचे पक्षी अकीच ऐकतात. एका छपराखालच्या सत्तावीस खोल्यांची शेतं, लग्नं, प्रवास. दुसऱ्या कुणी ऐकलं ते धरायचं नाही. त्यांनी ऐकलं तरच पक्षी बोलला. निघताना डावीकडून बोलला तर तीन दिवस थांबायचं, ही आमच्या घाटाची रीत.

सामान परत वर चढवलं. एल्सी एवढंच म्हणाली, "इंदाय, मला जरा बसू दे."

फिरत्या दवाखान्याच्या सिस्टरने गेल्या महिन्यात पोट चाचपून सांगितलंय – मूल आडवं आहे. वळलं तर वळलं. नाही वळलं तर घरी बाळंतपण करायचं नाही. खाली शहरात, दवाखान्याजवळ येऊन राहा, वीस तारखेच्या आत. नदी आटायच्या आत. जाताना घाटावरून पुन्हा ओरडून सांगितलं होतं, वाट बघत बसू नका.

तीन दिवस म्हणजे सोळा तारीख. सोळाला निघालो तरी होतंय.

१४ जून

हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती, तीच वापरतेय. बोलायचं कुणाशी? हे वर लाकडाच्या कॅम्पात, जावई समुद्रात तेलाच्या फलाटावर. आणि एल्सीपुढे तर तोंड उघडायचं नाही असं ठरवलंय.

माझा प्रभूवर विश्वास आहे. रोज माळ जपते. रविवारी ओसरीवर प्रार्थनेची चटई मीच अंथरते. देव पक्ष्याच्या घशातून बोलत नाही हे फादरनी शिकवलं, आणि मी काही अडाणी नाही, मॅट्रिक झालेली बाई आहे. मग काल तो बोलला तेव्हा मी एवढी का भ्याले?

लेमीमुळे. दुसरं काय.

माझी धाकटी बहीण. एकोणीस वर्षांची होती. माहेरच्या घाटावरून निघताना असाच डावीकडून बोलला, तर ही हसली. त्याची नक्कल करून शिट्टी वाजवली त्याला उलट! वोंगच्या खळाळात होडी उलटली. तिसऱ्या दिवशी सापडली, त्याच खळाळाच्या खाली, मुळांत अडकलेली. फादर म्हणाले, नदीला पूर होता म्हणून उलटली. पूर होताच. मला माहीत आहे.

पण शिट्टीही वाजवली होती.

१५ जून

भीतीचं तोंड बघून घ्यावं म्हणून पहाटे धुणं घेऊन घाटावर गेले. एकटीच. उजाडायच्या आधीच तो सुरू झाला होता, बाकी रान मुकं. आवाजामागे डोळे लावून बसले. हा पक्षी उंच बसत नाही. गच्च झुडपात, माझ्या कमरेएवढ्या फांदीवर. अंग शाईसारखं काळं, पोट भाजलेल्या विटेच्या रंगाचं, पाठीच्या मुळाशी पांढरा डाग, आणि शेपूट – बाई गं! अंगापेक्षा मोठं. गाताना शेपूट वर उडवतो, पांढरा डाग चमकतो, मग हळूहळू खाली आणतो. जमिनीवर उतरला, पाचोळ्यात चोच मारली, किडा उचलला, परत वर.

पंचेचाळीस वर्षं याचं नाव ऐकतेय, याला भितेय, आणि आज पहिल्यांदा नीट पाहिला.

मग एक आखूड शेपटीची, धुरकट रंगाची आली, त्याची बायको. सरळ रबराच्या तुटक्या खोडात शिरली. छातीएवढ्या उंचीवर पोकळी आहे. ती शिडीच्या डाव्या हाताला, चार पावलांवर.

म्हणजे! डावीकडे बोलतो कारण डावीकडे त्याचं घर आहे. आम्ही शिडी उतरतो आणि तो कासावीस होतो. एवढंच आहे हे. एवढंच!

अकींना सांगितलं. मासे पकडायचं जाळं विणत होते. सगळं ऐकून घेतलं, माझ्या ओठांकडे बघत. म्हणाले, "घर कुठे करायचं हे त्याला कुणी सांगितलं?"



१६ जून

आज दुसऱ्यांदा. परत आलो. उद्या लिहीन.

१७ जून

शेजारची इंदाय तियोंग – तियोंगला नातवंडं झाली तरी ही आपली तियोंगची आईच – परवा म्हणाली, "अगं, पूर्वी नको ते कानावर पडू नये म्हणून थाळे बडवायचे. बडवा की! पक्ष्याचा घसा मोठा की आमचे थाळे?" अकीही हो म्हणाले, अशी रीत आहेच. ऐकूच आलं नाही तर बोलला कुठे?

मग काल सकाळी चार पितळी थाळे, एक ढोल. पोरींनी ओसरीपासून घाटापर्यंत असा दणका लावला की कोंबड्या नदीपलीकडे उडाल्या. न्गुंबांग होडीतून ओरडला, "इंदाय एल्सी, लग्न कुणाचं आहे?" एल्सी पोट धरून हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मलाही धीर आला. मी उतरत होते, अकी खाली उभे.

आणि तो दिसला. खोडाच्या टोकावर, उघड्यावर, माझ्या डाव्या खांद्याशी. चोच उघडी, गळा थरथरतोय, शेपूट वर, खाली, वर. आवाज नाही. माझा स्वतःचा श्वासही ऐकू येत नव्हता त्या गदारोळात. नुसता उघडा लाल घसा.

अकींनी माझ्याकडे पाहिलं. आणि हात वर केला.

थाळे एकेक करून थांबले. एवढ्या घणघणाटात यांनी ऐकलं कसं? सत्तरी उलटलेला माणूस! न्गुंबांगने नुसती मान हलवली. इंदाय तियोंग वर जाताना माझ्या कानाशी म्हणाली, "म्हातारा झाला तरी कान बघ. आता मान्य कर."

मला त्यांचं ते माझ्याकडे बघणं सहन होत नाही. दर वेळी आधी माझ्याकडे, मग हात वर. जणू विचारतात – बोलव आता तुझ्या देवाला.

१८ जून

एल्सीला आज दिवसभर पाठ दुखतेय. कळा नाहीत म्हणते. डोकं कुठे, पाय कुठे, मला हाताला कळतं. बाळाचं डोकं अजून उजव्या कुशीत, गोट्यासारखं.

दुपारी घाटावर कुणी नव्हतं. मादी किडे टिपायला बाहेर पडली आणि मी खोडापाशी गेले. आत हात घातला.

सुका पाला, वर बारीक मुळ्या, त्यात चार अंडी. ऊन! एवढी ऊन असतील असं वाटलं नव्हतं. एक बाहेर काढून पाहिलं – फिकट हिरवट निळं, तपकिरी ठिपके. चारही उचलली आणि नदीत टाकली तर? खोड मोकळं होईल. दोघं दुसरीकडे जातील. सोमवारी शिडी मोकळी. कुणाला कळणार आहे? नेंदाकच्या घरट्याला हात लावणारा माणूस या नदीवर अजून जन्मला नाही, म्हणून कुणी विचारणारही नाही.

किती वेळ उभी होते कोण जाणे. मग मागे "टक्" झालं. मादी. फांदीवर बसून मला बघत होती. पळाली नाही. मी अंडं जागेवर ठेवलं आणि धुणं तसंच टाकून वर आले.

दया आली म्हणून ठेवलं असं लिहायला बरं वाटेल. पण खरं लिहायचं तर घाबरून ठेवलं.

१९ जून, रविवार

प्रार्थनेत माळ दोनदा चुकले. "आताच्या व आमच्या मरणाच्या वेळी" – इथे आले की पुढे जाताच येईना.

२० जून

मी एक हिशेब मांडला होता. तो पहाटे गातो, संध्याकाळी गातो, अगदी काळोख पडेपर्यंत, बाकी सगळे झोपले तरी. भर दुपारी कधी गात नाही. पाच दिवस लिहून ठेवलंय. म्हणून अकींना म्हटलं, आज दुपारी निघू. रात्री वाटेत वस्ती करू. ते म्हणाले, दुपारी तर दुपारी.

बारा वाजता उतरलो. रान अगदी गप्प. पाचवी खाच, सहावी खाच. मला वाटलं, जमलं! तेवढ्यात तो खोडाच्या दारात आला. चोचीत हिरवी अळी. म्हणजे पिल्लं निघालीत. आम्हांला बघून शेपूट ताठ, आणि "टक्! टक्! टक्!" अळी न सोडता.

मी दचकले. कोण दचकणार नाही?

अकींनी हात वर केला. मी पहिल्यांदाच त्यांच्याशी वाद घातला, सगळ्यांसमोर. म्हटलं, "अकी, हे गाणं नव्हे. पिल्लांसाठी ओरडतोय तो. आमची भीती वाटतेय त्याला."

ते म्हणाले, "मग दोघंही घाबरलेत. अशा वेळी निघू नये."

एल्सी सहाव्या खाचेवर बसून रडली. आवाज न करता.

वीस तारीख गेली.

२१ जून

न्गुंबांग होडी घेऊन वरच्या गावी गेला, सासऱ्याच्या मयताला. पंचवीस-सव्वीसला येईल. दुसरी होडी आहे, इंजिन नाही. पाणी रोज बोटभर उतरतंय. शिडीच्या खाली कालपर्यंत न दिसलेली एक खाच दिसायला लागलीय.

२२ जून

पिल्लं चार. उघडी, डोळे मिटलेले, तोंडाच्या आत पिवळी. नर आणि मादी दोघंही आणतात. मी मोजलं, माझं एक सारोंग धुऊन पिळेपर्यंत सात खेपा. अळ्या, कोळी, एकदा एवढासा बेडूक. घाण चोचीत धरून लांब नेऊन टाकतात, घराजवळ खूण नको म्हणून. आता मी आले की ओरडत नाहीत. ओळखायला लागलेत. पण दुसरं कुणी शिडीवर आलं की लगेच सुरू.

आणखी आठ-नऊ दिवसांत पिल्लं उडतील. मग खोड रिकामं, शिडी मोकळी. पण तेव्हा जुलै लागेल. एल्सीला तेवढा वेळ नाही.

रात्री मी प्रार्थना केली. काय केली ते लिहिते, लपवून काय उपयोग, त्यानं ऐकलीच आहे. म्हटलं, प्रभू, त्याला गप्प कर. कसाही कर.

२४ जून

साप आला.

सकाळी नऊची वेळ. मी दगडावर धुणं धोपटत होते. तपकिरी, बोटाएवढा जाड, रबराच्या खोडावरून वर चढत होता, घाई नाही, गडबड नाही. नर आणि मादी दोघंही त्याच्या डोक्यावर झेपा घेत होती. टक् टक् टक् टक्! पंख पसरून, शेपूट पसरून, अगदी त्याच्या तोंडाशी. एकदा नराने चोचही मारली. मग दोघंही माझ्याकडे वळली. मला तसं वाटलं. माझ्या डोक्यावरून एक फेरी मारून परत गेली.

धोपटणं हातात होतं. चार पावलं. एक फटका पुरे होता.

मी उभी राहिले. तो आत गेला. बराच वेळ नुसती शेपटी बाहेर. मग बाहेर आला तेव्हा अंगावर चार ठिकाणी फुगलेला.

मी धुणं पिळलं. वर आले. एल्सीला पेज करून दिली.

२४ जून, पुन्हा

झोप नाही. मी मागितलं आणि त्यानं दिलं. पण कुणी दिलं? आणि याच्या बदल्यात काय घेणार? चार आईसमोर गेली. माझी एकच आहे, आणि तिच्या पोटात एक.

मला वाटतंय मी माझ्या हातानं मागून घेतलं.

२५ जून

आणि तो गप्प नाही!

मला वाटलं होतं निघून जातील. मादी आज सकाळपासून सुका पाला गोळा करतेय, शिडीच्या त्याच बाजूला, फुटलेल्या बांबूत. आणि नर – पहाटेपासून दुपारपर्यंत गातोय. दुपारी पण! कधी नव्हे ते. घर मोडलं की पुन्हा मांडण्यासाठी आणखी जोरात गातात, एवढं मला आधी कळायला हवं होतं. स्वतःच्या शिट्ट्या झाल्या की दुसऱ्यांचे आवाज काढतो. बुलबुलचा काढला, खंड्याचा काढला. एकदा आमच्या न्हाणीतल्या रहाटासारखा कुरकुरला. मी कान झाकले.

म्हणजे ती चार उगाच गेली.

२६ जून, रविवार

न्गुंबांग आला. म्हणाला, दोन ठिकाणी उतरून होडी गोट्यांवरून ओढावी लागली. आणखी चार दिवस पाऊस नाही पडला तर होडी झाडाला टांगा आणि चालत जा.

अकी म्हणाले, उद्या सकाळी बघू.

बघू!

२७ जून, दवाखान्याच्या पडवीत

क्रमानं लिहिते. नाहीतर डोकं ठिकाणावर राहणार नाही.

आज पहाटे चारला एल्सीने मला हलवलं. "इंदाय, पाणी गेलं." चटई ओली. मी पोटाला हात लावला. डोकं अजून कुशीतच. आडवंच.

इंदाय तियोंगला उठवलं, आमची सुईण तीच. तिने पाहिलं आणि तोंडावरचं सगळं चेष्टेचं उतरलं तिच्या. म्हणाली, "माझ्या हातानं हे होणार नाही. ने हिला."

अकींना सांगितलं. ते उठले, डोक्याला फडकं बांधलं, काठी घेतली आणि नेहमीसारखे आधी उतरून होडीपाशी उभे राहिले. तेव्हा मी ओसरीच्या कठड्याशी थांबून एक ठरवलं. तो बोलणार. या वेळी, या घटकेला, तो बोलल्याशिवाय राहत नाही. अकी ऐकणार आणि हात वर करणार. तर मी ऐकलंच नाही असं उतरायचं. त्यांनी हात वर केला तरी थांबायचं नाही. न्गुंबांग नाही आला तर वल्हं मी मारीन. माझी लेक जाते आहे. पण त्या पक्ष्याला माझी भीती दाखवायची नाही. लेमी हसली होती. मी हसणारही नाही, रडणारही नाही.

उतरायला लागले. एल्सी माझ्या खांद्यावर. तिसऱ्या खाचेवर तो सुरू झाला. इतका जवळ कधीच नव्हता. डाव्या कानाशी. दोन शिट्ट्या, मग खडे, मग सगळे आवाज, बुलबुल, खंड्या, रहाट, सगळं एकामागून एक, जणू त्या चौघांचा हिशेब माझ्यापुढे वाचतोय. मारियेच्या प्रार्थनेचा एक शब्द आठवेना. नऊचा पाढा आठवला. नऊ एके नऊ म्हणत उतरले. नऊ दाही नव्वदला पाय वाळूला लागले.

अकी माझ्याकडे बघत होते. फार वेळ. मी त्यांच्या नजरेला नजर दिली. तो अजून गातच होता, न्गुंबांग मान खाली घालून इंजिनाकडे बघत बसलेला.

अकी म्हणाले, "काही नाही. चला."

न्गुंबांगने चमकून वर पाहिलं. पण अकींनी ऐकलं नाही म्हणजे पक्षी बोललाच नाही. त्याने दोरी ओढली.

ते स्वतःही होडीत चढले. पुढच्या टोकाला बसले, पाठ आमच्याकडे. मी त्या पाठीकडे बघत होते. सत्तर वर्षं ज्याचा शब्द पाळला त्याला या माणसाने आज माझ्या लेकीसाठी खोटं पाडलं. मी या घरात येऊन सव्वीस वर्षं झाली आणि यांना मी ओळखलंच नाही.

वोंगच्या खळाळापाशी पाणी नव्हतं, नुसते गोटे. एल्सीला होडीतच ठेवून आम्ही तिघांनी ओढली. अकींचा पाय दोनदा घसरला. एल्सी दर कळेला होडीची कड चावत होती. तिथे दात उमटलेत. लेमी जिथे सापडली ती मुळं उघडी पडली आहेत. मी तिकडे पाहिलं नाही.

दुपारी तीनला पोचलो. लगेच आत घेतलं. सही करा म्हणाले, केली. डॉक्टर तरुण आहे, बाईसारखे हात. म्हणाला, बाळाचा हात खाली आलाय.

अजून कुणी बाहेर आलं नाही.

२७ जून, सायंकाळ

मुलगी. दोन किलो आठशे. एल्सी शुद्धीवर आहे. मला म्हणाली, "इंदाय, तू जेवलीस का?"

डॉक्टर म्हणाला, आणखी तास-दोन तास झाले असते तर दोघींपैकी कुणाचंच सांगता आलं नसतं. मी तिथेच जमिनीवर बसले. अकी पडवीत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. मी खूण केली – मुलगी. त्यांनी फडकं सोडून तोंड पुसलं.

३ जुलै

बाळ दूध ओढतंय. एल्सीचे टाके उद्या काढतील. पोरीचं नाव जावई आल्यावर ठेवू. मी मनात लेमी म्हणतेय. मोठ्यानं नाही, अजून धीर होत नाही.

६ जुलै

काल घरी आलो. पाऊस झालाय, पाणी चढलं आहे, होडी कुठे टेकली नाही. घाटावर नेंदाक होता, बोलला. येताना बोलल्याचं काही धरत नाहीत.

८ जुलै

रात्री अकींचं पान वाढलं आणि समोर बसून म्हटलं, "त्या दिवशी तुम्ही तो बोलल्याचं ऐकूनही चला म्हणालात, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही."

त्यांचा हात ताटातच राहिला. म्हणाले, "बोलला होता?"

मग अगदी हळू – "इनी, तुझी सासू, गेली त्या वर्षापासून मला नेंदाक ऐकू येत नाही. चार वर्षं झाली. माणसं ओठांवरून कळतात, पक्षी नाही कळत. मी तुझ्याकडे बघतो. बाकीच्यांचे चेहरे काहीही करतात. तुझा खोटं बोलत नाही."

मी उठून दिवा बारीक केला.

परवा भातशेताची जागा ठरवायला निघायचं आहे. सत्तावीस खोल्यांचं वर्षाचं भात. जेवून हात धुताना म्हणाले, "शिदोरी घे. आणि निघताना माझ्यासमोर बस."